शोकसभेला हॉल मिळणार नाही

गुरुजी,

तुमची शोकसभा होती त्या दिवशी सकाळी मी आपल्या हॉलचं दुचाकी स्टँड धुऊन काढलं. पत्र्याच्या शेडखाली ऑइलचे डाग पडलेले असतात, ते नुसत्या पाण्यानं निघत नाहीत. म्हणून शेजारच्या वखारीतून भुसा आणून टाकला, तो जरा मुरू दिला आणि मग खराट्यानं घासलं. वखारवाल्यानं विचारलं, "आज कावून एवढं?" मी म्हणालो, "गुरुजींसाठी." आणखी एक पोतं भुसा त्यानं स्वतः आणून दिला. मग मी सतरंज्या अंथरल्या, मधल्या खांबाला तुमचा फोटो बांधला आणि समई लावली. वारा होता, समई सारखी विझत होती. आत हॉलमध्ये एका घरचा साखरपुडा होता. त्यांच्या सनईचा आवाज भिंतीतून येत होता, आणि आमचा आवाज आत जाऊ नये म्हणून आम्ही माईक घेतला नव्हता. ज्या हॉलमध्ये तुम्ही आयुष्याची इतकी वर्षं काढली, त्याच्या भिंतीबाहेर, गाड्या लावायच्या जागेत आम्ही तुम्हाला निरोप दिला. दुसरं काही करता येत नव्हतं. नियम तुमचाच होता. शोकसभेला हॉल मिळणार नाही.

दोन मिनिटं सगळे उभे राहिले तेव्हा साखरपुड्यातला एक तरुण पाहुणा बाहेर आला. त्याची मोटारसायकल नेमकी तुमच्या फोटोच्या मागं उभी होती. तो हळूच म्हणाला, "गाडी काढायची होती." मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "थांब की बे, माणूस गेलंय." तो म्हणाला, "मला काय म्हाईत, इथं गाड्याच लावतेत ना?" बिचारा हात जोडून उभा राहिला. दोन मिनिटं झाल्यावर त्यानं गाडी ढकलत ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं गेल्यावर किक मारली. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझी बोलायची वेळ आली तेव्हा आत बँडवाल्यांनी नवं गाणं धरलं. मी मनाशी बरंच ठरवून आलो होतो. पण उभा राहिलो, फोटोकडं पाहिलं, हात जोडले आणि खाली बसलो.

ते बोलणं राहिलं ते राहिलंच. आज लिहायला बसलोय त्याचं कारण वेगळं आहे. तुमचा नियम मी मोडला आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला मीच सांगावं असं वाटलं. पण ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागेल. तुम्हाला त्यातलं बहुतेक माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही. ती माहीत असती तर तुमची शेवटची वर्षं निराळी गेली असती, याची मला हळहळ वाटते.

तुम्ही मला या हॉलवर आणलं तेव्हा त्याला लोक अजून गोडाऊनच म्हणत होते. निजामाच्या काळात जिनिंगवाल्यांनी कापूस भरायला बांधलेली ती जागा. जाड दगडी भिंती, वर पत्रे, आणि खिडक्या इतक्या उंच की त्यांतून आभाळ सोडून दुसरं काही दिसायचं नाही. जिनिंग बंद पडलं, मग काही वर्षं तिथं रेशनचं धान्य भरलं जात होतं. ट्रस्टनं ती जागा घेऊन एका टोकाला ओटा बांधला, त्याला रंगमंच म्हटलं, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या तुम्हाला व्यवस्थापक म्हणून बोलावलं. तुम्ही आमच्या पाली गावाच्या बाजूच्या शाळेत आम्हाला चित्रकला आणि मराठी शिकवायचात. मी दहावीपुढं गेलो नाही हे तुम्हाला कळलं होतं. एक दिवस आमच्या घरी आलात, आईनं दिलेला चहा बशीत ओतून घेतलात आणि तिला म्हणालात, "ह्याला माझ्याकडं द्या. ह्याचं अक्षर बरंय आणि हा खोटं बोलत न्हाई. एवढं पुरतं."

पहिल्याच लग्नसराईत तुम्ही मला बोललात. मी दारात उभा होतो. मळकं धोतर घातलेला एक म्हातारा माणूस आत निघाला होता. मी त्याला विचारलं, "तुम्ही कोणाकडचे?" तो गडबडला. तुम्ही ते पाहिलं. त्याला हाताला धरून आत नेलंत, पुढच्या ओळीत बसवलंत आणि परत येऊन मला म्हणालात, "दारात उभं राहून माणसाला कोणाकडचा म्हणून विचारायचं न्हाई. आत आला तो आपल्याकडचा. जेवून जाईल, दुसरं काय नेईल?" दिवसभर तुम्ही माझ्याशी नीट बोलला नाहीत. सगळी पाहुणेमंडळी गेल्यावर मागच्या स्वयंपाकघरात आचाऱ्यांबरोबर आपण जेवायला बसलो, तेव्हा मात्र माझ्या पानात तुम्ही स्वतःच्या हातानं बुंदी वाढलीत.

ते स्वयंपाकघर मला फार आठवतं. भट्ट्या विझत आलेल्या असतात, पातेल्यांच्या तळाला राहिलेली भाजी खरवडायचा आवाज येतो आहे, आणि तुम्ही पाटावर बसून टोपी मांडीवर ठेवली आहे. जनरेटरवाले चाचा मागच्या दारातून डोकावतात. गेटाजवळच्या टपरीवजा दुकानात ते मोटारी दुरुस्त करायचे आणि लाईट गेली की आपला जनरेटर चालवायचे. "गुरुजी, गरिबाला काय उरलंय का?" तुम्ही म्हणता, "लाईट किती येळ गेली होती, त्या हिशेबानं वाढतो." चाचा म्हणतात, "मंग सरकारला दुवा द्या, त्याच्या मेहरबानीनं आपुन पोटभर खातो." तुम्ही हसता. मोठ्यानं हसायची तुम्हाला सवय नव्हती, फक्त खांदे हलायचे. कार्यक्रमात सत्कार झाला की लोक तुम्हालाही एक शाल पांघरायचे. त्या शाली तुम्ही कधी घरी नेल्या नाहीत. एकदा थंडीत एक तपकिरी शाल माझ्या हातात देऊन म्हणालात, "आईला दे. सत्काराची आहे म्हणून सांगू नको, गुरुजींनी दिली म्हण." आईनं ती शेवटपर्यंत वापरली.

आता त्या दिवसाकडं येतो.

तेव्हा हॉल सगळ्यांना मिळायचा. सकाळी शोकसभा, संध्याकाळी लग्न, असं कितीदा व्हायचं. त्या दिवशी सकाळी चकलांब्याकडच्या एका निवृत्त तलाठ्यांची शोकसभा होती. चांगला माणूस असावा, गर्दी होती. सभा झाली, त्यांची माणसं दोन जीपमध्ये बसून गेली आणि हार घातलेला फोटो रंगमंचाच्या बाजूला खुर्चीवर राहिला. पहिल्या जीपला वाटलं दुसरीत आहे, दुसरीला वाटलं पहिलीत आहे. दुपारी डेकोरेशनवाली पोरं आली. आपल्याकडं लग्नात गेलेल्या आजोबांचा, वडिलांचा फोटो मंचावर ठेवतात. पोरांनी पाहिलं, हार ताजा आहे, फोटो मंचाशेजारी आहे, म्हणजे घरच्यांनीच आणून ठेवला असणार. त्यांनी टेबलावर मखमल टाकली, फोटो मधोमध ठेवला आणि समई लावली. चाचांनी त्यावर वेगळा फोकस सोडला. मलाही दाखवला, म्हणाले, "बुढा कसा खुलला पाहा."

मी फोटो पाहिला. सकाळी मी मागं पाण्याच्या टाकीकडं होतो, सभेत डोकावलो नव्हतो, त्यामुळं ओळखला नाही. कोणाचा असेल, असं एकदा मनात आलं होतं. पण विचारलं नाही, कारण कोणाकडचे म्हणून विचारायचं नाही हे तुम्ही शिकवलं होतं. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे आजोबा आहेत. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. व्याह्यांच्या मेलेल्या माणसाबद्दल चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून दोन्हीकडच्यांनी काही न विचारता मान दिला. मुलीच्या मामानं पुढं नारळ ठेवला. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी मानपानाची पहिली शाल फोटोला घातली. ते पाहून मुलीच्या वडिलांनी त्याहून भारी शाल आणवली आणि तीही घातली. मग नवरानवरीनं वाकून नमस्कार केला. अक्षता पडल्या त्यातल्या मूठभर फोटोवरही पडल्या.

जेवणाच्या पंगती चालू असताना तलाठ्यांचा मुलगा फोटो न्यायला आला. तो दारातून आत आला आणि थबकला. आपला बाप दिव्यात न्हाऊन बसला आहे, अंगावर दोन शाली आहेत, पुढं नारळ आहे. तो सरळ मंचावर गेला, फोटोपुढं बसला आणि रडायला लागला. "आमच्या दादांना एवढा मान कुणी दिला हो?" असं विचारत होता. पहिल्यांदा कोणाला काही कळेना. मग मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांकडं पाहिलं. "तुमचे पाहुणे ना हे?" "आमचे कशाचे, तुमचे ना?" हे सगळ्या पंगतीतून फिरलं आणि मुलीच्या आजीपर्यंत गेलं. आजी पानावरून उठली. "आज सकाळच्याला हितं रडून गेलेत लोक? आन् त्याच जागेवर माज्या नातीला उभी केली?" तुम्ही पुढं आलात, टोपी काढलीत, हात जोडलेत. "आजी, चूक माझी आहे." ती म्हणाली, "तुमची हाय ते दिसतंयच. पर भोगायचं माज्या पोरीनं. तिच्या संसाराला काय झालं तर तुमच्या दारात येऊन बसंन, मास्तर. ध्यानात ठेवा."

तुम्ही ध्यानात ठेवलंत. हेच तर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा तुम्ही नियमांच्या फळ्यासमोर स्टुलावर उभे होतात. डबीत पांढरा रंग होता, हातात बारीक ब्रश. तुमच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात शेवटची ओळ लिहून झाली होती. शोकसभेला हॉल मिळणार नाही. चाचा खाली उभे राहून म्हणत होते, "गुरुजी, दिल कावून छोटा करता? शे-पाचशे लोकांनी त्या बुढ्याला सलाम केला, दुवा दिली. त्यात वाईट काय झालं?" तुम्ही स्टुलावरून उतरलात. नंतर मी धीर करून विचारलं, "गुरुजी, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास आहे?" तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये धूत होतात. म्हणालात, "माझा न्हाई. पण ती पोरगी आयुष्यभर दचकत राहिली तर? तिला साधा ताप आला तरी तिला हा हॉल आठवंल. हे मी तिला दिलं." मग माझ्याकडं न पाहता म्हणालात, "असलं पुन्हा विचारू नको."

मी विचारलं नाही. पण पाहत होतो. मुलगी परळीला दिली आहे हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. परळीहून कोणी बुकिंगला आलं की तुम्ही कामाचं बोलून झाल्यावर उगाच थांबायचात. काहीतरी विचारावं असं चेहऱ्यावर दिसायचं. मग पाणी मागवायचात आणि विषय बदलायचात. परळी म्हणजे एसटीनं जाऊन संध्याकाळी परत यायचा रस्ता. सहज जाऊन चौकशी करता आली असती. तुम्ही गेला नाहीत, मला पाठवलं नाहीत, आणि मीही आपणहून गेलो नाही. वाईट ऐकायला मिळालं तर त्याचं काय करायचं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

नियम झाला आणि तो पाळला गेला. लोक यायचे. शाळेतल्या बाईंच्या नवऱ्यासाठी, फळबाजारातल्या अडत्यासाठी, कुणाच्या आईसाठी. तुम्ही त्यांना बसवायचात, चहा द्यायचात आणि फळ्याकडं बोट दाखवायचात. कोणीतरी एकदा म्हणालं, "मग बाहेर स्टँडमध्ये घेऊ का?" तुम्ही नाही म्हणू शकला नाहीत. तेव्हापासून आपल्या गावातली माणसं मेली की त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची जागा दुचाकी स्टँड झाली. उन्हात पत्रा तापायचा, पावसात बोललेलं ऐकू यायचं नाही. तुम्ही प्रत्येक सभेला सगळ्यात मागं उभे असायचात, आणि संपल्यावर सतरंज्या स्वतः झटकायचात. मी घ्यायला गेलो तरी देत नव्हतात.

तुम्ही गेलात. त्याचं वर लिहिलंच आहे. तुमचं काम माझ्याकडं आलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, श्रावणात, सोमवारी मी परळीला वैजनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. रांग मोठी होती. माझ्या पुढं एक बाई होत्या, बरोबर कॉलेजातला मुलगा. बाईंनी सहज विचारलं, "कुठले तुम्ही?" बीडचा म्हणालो. हॉलवर असतो म्हणालो. बाई वळल्या. "कोणत्या, जिनिंगच्या?" मी हो म्हणालो. त्या हसायलाच लागल्या. "अहो, माझं लग्न तिथंच झालं. आमच्या लग्नात एक आजोबा आले होते, ते कोणाचेच नव्हते."

गुरुजी, मी रांगेतला पितळी कठडा घट्ट धरला. बाई सांगतच होत्या. अल्बममध्ये तो फोटो आहे. मुलगा लहानपणी विचारायचा हे आईकडचे आजोबा की बाबांकडचे, तर त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं, हे मधले आजोबा. घरात काही हरवलं, कोणी खाल्लं ते सापडेना, की मधल्या आजोबांवर ढकलायचं. मुलगा लाजून म्हणाला, "आई, बास ना." त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, थर्मल वीजकेंद्राच्या राखेनं पाट्या सारख्या पुसाव्या लागतात एवढीच काय ती तक्रार. मी विचारलं, "आणि तुमच्या आजी? त्या फार बोलल्या होत्या." बाई म्हणाल्या, "आजीचं काय घेऊन बसलात. वर्षाच्या आत ह्याचा जन्म झाला आणि आजी गावभर सांगत सुटली, त्या म्हाताऱ्याचा आशीर्वाद लागला म्हणून. त्या मास्तराला मी लई बोलले, त्याला निरोप धाडा म्हणायची. आम्ही आज पाठवू, उद्या पाठवू करत राहिलो. मग आजीच गेली. ते मास्तर आहेत का हो?"

मी सांगितलं. त्यांनी हात जोडले. मग म्हणाल्या, "मला तर त्यांचा चेहरा पण नीट आठवत न्हाई. टोपी हातात घेऊन उभे होते, एवढंच." रांग पुढं सरकली. गाभाऱ्यात गेल्यावर मी देवाजवळ काय मागितलं ते मला आठवत नाही. बहुतेक काही मागितलं नाही. इतकी वर्षं एक माणूस एका घराची काळजी करत राहिला आणि त्या घरात त्याच गोष्टीवरून सगळे हसत होते, एवढंच मनात फिरत होतं. निरोप निघाला असता तर. मी एक दिवस एसटीत बसलो असतो तर. येताना बिंदुसरा नदीचा पूल लागला तेव्हा माझे डोळे भरून आले. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "धूळ गेली."

तुम्हाला वाटेल, मग त्याच दिवशी येऊन नियम काढायचा होता. नाही काढला. हॉलचं मोठं काम निघालं होतं. आता तुम्ही आलात तर ओळखणार नाहीत. पत्र्याखाली पांढरं छत आलं, एसी बसला, रंगमंच दुप्पट झाला, मागं पडद्याऐवजी दिव्यांची मोठी भिंत आली. वधूपक्षाला आणि वरपक्षाला वेगळ्या खोल्या आहेत, वर दोनशे माणसांचा छोटा हॉल आहे, लिफ्ट आहे, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे. तुमच्या स्वयंपाकघराच्या जागी भिंतीला स्टीलचे पत्रे लावलेत, आणि तिथं जमिनीवर बसून कोणी जेवत नाही. गेटावर कन्व्हेन्शन सेंटर अशी पाटी लागली. डॉक्टरांची परिषद होते, बियाणं कंपन्यांचे मेळावे होतात, विमावाल्यांची शिबिरं होतात. जिल्ह्यात एवढी मोठी जागा दुसरी नाही. दगडी भिंती मात्र तशाच ठेवल्यात, आणि उंच खिडक्याही. नवा नियमफलक काचेवर छापून आला तेव्हा मजकूर मीच दिला होता. बऱ्याच जुन्या ओळी गाळल्या. ती एक गाळली नाही. कोणी विचारलं की मी सांगायचो, आमच्या गुरुजींचा नियम आहे. लोकांना ते पटायचं. तुमचं नाव घेतलं की पुढं कोणी बोलायचं नाही.

आणि गेल्या महिन्यात चाचा गेले. सकाळच्या नमाजाला उठले, वजूला, हातपाय धुवायला बसले आणि तिथंच गेले. जनरेटर आता आपोआप सुरू होतो, पण चाचा रोज येऊन त्याला हात लावून जायचे. मला म्हणायचे, "मशीन झालं तरी काय, कुणी हालहवाल विचारावी लागती." मातीला सगळं गाव होतं. नंतर त्यांचा मुलगा आणि चार जुनी माणसं ऑफिसात आली. एक रिटायर्ड मास्तर, एक रिक्षावाले, मंडपवाले, आणि हायस्कुलातले उर्दूचे सर. सरांनी सांगितलं, "आम्हाला ताजियती जलसा घ्यायचाय. तुमच्यात शोकसभा म्हणतात तोच." मुलगा घाईनं म्हणाला, "साहेब, नियम म्हाईत हाय आमाला. स्टँडमधीच घेऊ. अब्बा म्हणायचेच, माझ्या टायमाला गाड्या लांब लावा, नाहीतर कोणीतरी मला किक मारंल." ती माणसं हसली. मीही हसलो, आणि मग मला बसवेना.

मी ट्रस्टच्या अध्यक्षांना फोन लावला. ते लग्नसराईच्या गडबडीत होते. म्हणाले, "अहो, तो नियम कुणाचा?" मी म्हणालो, "गुरुजींचा." ते म्हणाले, "मग गुरुजींनाच विचारा, मला कशाला विचारता? तुमचं तुम्ही बघा," आणि फोन ठेवला. चेष्टा केली त्यांनी. मी बुकिंगची वही पुढं ओढली. समोर ती पाच माणसं होती. मी म्हणालो, "स्टँडमध्ये नाही. मोठ्या हॉलमध्ये घ्या. एसी लावतो." मुलाला वाटलं मी चेष्टा करतोय. मंडपवाले म्हणाले, "दुसऱ्या दिवशी लग्न हाय ना तिथं? माझाच मांडव हाय." मी म्हणालो, "आहे. मी बघतो."

जलसा झाला. हॉल भरला नव्हता, पण बरीच माणसं आली. उर्दूचे सर बोलले, रिक्षावाले बोलले. रिक्षावाल्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीवर सगळा हॉल हसला, आणि तो हसण्याचा आवाज त्या दगडी भिंतींत चांगला घुमला. शेवटी मी उभा राहिलो. या वेळी बसलो नाही. चाचांबद्दल बोलायला उठलो होतो आणि निम्मं तुमच्याबद्दल बोललो. परळीचं सगळं सांगितलं, मधल्या आजोबांसकट. कोणाला वावगं वाटलं नाही. चाचांचा मुलगा पुढच्या ओळीत मान खाली घालून हसत होता आणि डोळे पुसत होता.

त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी जिचं लग्न होतं त्या मुलीच्या वडिलांना मी फोन केला. ते गेवराईकडचे. सगळं स्पष्ट सांगितलं. उद्या तुमच्याकडं लग्न आहे, आज इथं शोकसभा झाली, तुम्हाला चालत नसेल तर वरचा हॉल देतो, तिथं कोणी बसलेलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "कोण वारलं?" मी सांगितलं, आमचे जनरेटरवाले चाचा. ते म्हणाले, "लई वाईट झालं. बरं, पार्किंगचं कसंय? आमच्याकडून जीपा जास्ती येणार हायेत."

लग्न लागत होतं तेव्हा मी खांबाजवळ उभा होतो. अंतरपाट धरला होता, मंगलाष्टका चालू होत्या. मी गळ्यातली माळ मुठीत धरून विठ्ठलाचं नाव घेत होतो, एकसारखं, अक्षता पडेपर्यंत. हे तुम्हाला सांगायचं होतं. नियम तुमचा आहे म्हणून मोडवत नाही, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. परळीहून आल्यावर तुमची भीती खोटी होती हे मला कळलं होतं. मग राहिली ती माझी होती, आणि मी तिला तुमचं नाव दिलं. ती अजून पूर्ण गेलेली नाही. त्या मुलीला ताप आला असं कळलं तर मीही दचकेन. पण आता चौकशी करायला जाईन. गेवराई लांब नाही.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. आज दुपारी काचवाला येऊन गेला. नवा फलक बसला आहे. त्यावर ती ओळ नाही.